अंधेरीतलं मोटिव्हेशन ट्रेनिंग: सकाळ बोअर, दुपार पैसा वसूल

अंधेरी ईस्टला एका हॉटेलच्या हॉलमध्ये झालेलं एका दिवसाचं ट्रेनिंग, विषय मोटिव्हेशन आणि कर्मचाऱ्यांची कंपनीशी बांधिलकी. कोणाचं ते लिहीत नाही, पण एचआरला असे मेल सगळीकडेच येतात म्हणून लिहितोय. तीन स्टार, तेही जेवणानंतरच्या सेशनचे.

सकाळी मॅस्लो, म्हणजे माणसाच्या गरजांची थिअरी मांडणारा मानसशास्त्रज्ञ. परत तोच पिरॅमिड, गरजांचे तेच पाच थर. मॅस्लोच्या 1943 च्या पेपरमध्ये पिरॅमिड नाहीच आहे, तो नंतर दुसऱ्यांनी काढला, पण ट्रेनर मॅडम तासभर त्यावरच अडकल्या. मग कामातलं समाधान कशाने येतं याची हर्झबर्गची थिअरी, ती बरी झाली. पगार, कॅन्टीन, बॉसचा स्वभाव बिघडला की माणूस वैतागतो, पण ते सुधारलं म्हणून लगेच झपाटून कामाला लागत नाही, त्यासाठी कामातच काहीतरी जमल्याचं समाधान, कौतुक, जबाबदारी लागते. पटलं. पण स्लाइडवर लिहिलेलं की अभ्यास पिट्सबर्गच्या इंजिनियर आणि अकाउंटंट लोकांचा, तर भिवंडीच्या गोडाऊनचा एक सुपरवायझर म्हणाला, मॅडम आमच्या कंत्राटी पोरांना हे कसं लावायचं? "गुड क्वेश्चन", आणि पुढची स्लाइड.

दुपारी मात्र मजा आली. सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या, नाव न टाकता लिहा, अजून ही नोकरी का सोडली नाही. मग मेयर आणि ॲलन यांच्या बांधिलकीवरच्या 1991 च्या मॉडेलप्रमाणे तीन ढीग: मनापासून राहावंसं वाटतं, सोडलं तर नुकसान आहे, आणि सोडणं बरोबर वाटत नाही. "ग्रॅच्युइटीची पाच वर्षं व्हायचीत", "ऑफिस घराजवळ, विरार लोकल नको", "आईच्या ऑपरेशनला साहेबांनी ॲडव्हान्स दिलेला, आता कसा सोडू". नुकसानवाला ढीग सगळ्यात जाड निघाला आणि एचआरवाल्यांचे चेहरे बघण्यासारखे. मॅडमनी इथे सकाळचा हर्झबर्ग बरोबर जोडला, म्हणजे नुसता पगार आणि सोयी वाढवल्या की हाच ढीग वाढतो, माणूस टिकतो पण काम जेमतेम करतो, हजेरी आणि कामाचा दर्जा यांचं नातं जास्त करून मनापासूनवाल्या ढिगाशी असतं. आमच्या ऑफिसातली निम्मी कोडी इथेच सुटली राव.

ॲडम्सची इक्विटी थिअरी, म्हणजे माणूस आपली मेहनत आणि मोबदला दुसऱ्याशी ताडून बघतो ती, घाईत उरकली, आणि नवीन पोराला जुन्यापेक्षा जास्त पगार का, हेच तर सगळ्यांना विचारायचं होतं. माणूस मेहनत कधी घेतो हे सांगणारा व्रूम आलाच नाही. अप्रेझलच्या तोंडावर खरं तर तोच हवा: मेहनत केली तर रिझल्ट येईल का, रिझल्ट आला तर काही मिळेल का, आणि मिळेल ते मला हवंय का. यातलं एक जरी "नाही" असेल तर बाकी भाषण फुकट.

जेवण ठीक, पनीर रबरी. बुक करणार असाल तर दुपारचं सेशनच मागा आणि मराठीत घ्या असं आधीच सांगून ठेवा, मॅडमना छान येतं, चहाच्या टेबलाजवळ सगळं मराठीतच समजावत होत्या, माईक हातात आला की मात्र इंग्लिश.