पेपर मीच फोडला

टायमिंग बेल्टवरचं काळं प्लास्टिकचं झाकण मेकॅनिकने काढलं, उलटं केलं, फडक्याने पुसलं आणि काही न बोलता माझ्या हातात दिलं. आतल्या बाजूला पांढऱ्या मार्करने लिहिलेलं होतं: बेल्ट, वॉटर पंप, १,४८,२००. म्हणजे हे दोन्ही बदलले तेव्हाचे किलोमीटर. अक्षर अगदी सुवाच्य. ज्याने लिहिलं तो आपलं काम मनापासून करणारा माणूस असणार. माझ्या गाडीच्या मीटरवर त्या दिवशी आकडा होता ९७,१४०.

गाडी म्हणजे सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स, दुसऱ्या पिढीतली, गोल हेडलाइटची. १९९५ साली कॉलिन मॅक्रे इम्प्रेझा चालवत जागतिक रॅली विजेता झाला, तेव्हा मी शाळेत होतो. निळा रंग, सोनेरी चाकं आणि चिखलातून आडवी जाणारी गाडी, एवढं एक चित्र डोक्यात बसलं ते बसलंच. २००१ मध्ये रिचर्ड बर्न्सने विजेतेपद मिळवलं ते या गोल डोळ्यांच्या इम्प्रेझात, आणि मग माझं ठरून गेलं. लोक त्या डोळ्यांना बेडकासारखे म्हणायचे. मला आवडायचे.

आणि तो आवाज. बॉक्सर इंजिनात सिलिंडर आडवे, समोरासमोर असतात. या गाडीत एका बाजूच्या एक्झॉस्टचा पाइप लांब आणि दुसऱ्या बाजूचा आखूड, त्यामुळे धुराचे ठोके टर्बोपर्यंत, म्हणजे धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्यापर्यंत, सारख्या अंतराने पोचत नाहीत. म्हणून ती गुरगुर, थोडी अडखळत, घशातून आल्यासारखी. हे सगळं मला तोंडपाठ होतं. गाडी घ्यायच्या आधी वीस वर्षं तोंडपाठ होतं, आणि माझं नुकसान तिथूनच सुरू झालं.

जाहिरात पाहून मी फोन केला. माणूस अदबीने बोलत होता. पहिल्याच वाक्यात म्हणाला, "विकायची खरं तर इच्छा नाही, पण घरात आता दोन गाड्या ठेवणं जमत नाही." पाचव्या मिनिटाला आम्ही अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आलो होतो. मॅक्रे झाला, बर्न्स झाला, २००३ चा विजेता पेटर सोलबर्ग झाला. मग त्याने सहज विचारलं, "तुला गाड्यांतलं बरंच कळतंय. बघायला येशील तेव्हा काय काय तपासणार?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. पेडलचं रबर आणि स्टिअरिंगचं चामडं किलोमीटरला शोभेल इतकंच झिजलंय का, ते पाहणार. मॅग्नेट लावून पत्र्यात पुट्टी भरली आहे का ते पाहणार. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि काही सेकंदांनी विझतो का, बिजागरीच्या बोल्टवरचा रंग उडालाय का, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या ओबीडी स्कॅनरमध्ये एरर कोड आहेत का. तो मधूनमधून "वा!" म्हणत होता. मी फुशारत होतो. भेट आठ दिवसांनी ठरली. म्हणजे परीक्षेच्या आठ दिवस आधी मी प्रश्नपत्रिका त्याच्या हातात दिली आणि वर अभ्यासाला वेळही दिला.

भेटीच्या दिवशी गाडी घराबाहेर उभी होती. बॉनेटला हात लावला तर गरम. तो लगेच म्हणाला, "आत्ताच धुवून आणली, तुझ्यासाठी." मला बरं वाटलं! गार इंजिन सुरू करताना जे कळतं ते गरम इंजिन सांगत नाही, हे मी स्वतः दुसऱ्यांना सांगत आलोय. झिजलेल्या पिस्टनचा टकटक आवाज गार असताना येतो आणि इंजिन तापलं की दबतो. रात्रभर झिरपलेलं ऑइल सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर होऊन बाहेर पडतं. मला एवढंच म्हणायचं होतं की, "मी उद्या सकाळी येतो, तोवर गाडीला हात लावू नकोस." पण म्हणालो नाही. का, तर समोर गोल डोळ्यांची निळी गाडी होती, आणि आज बघितली नाही तर ती दुसऱ्या कुणाची होईल अशी भीती होती. मी तिथे असताना त्याला दोनदा फोनही आला. "हो, एक जण बघतायत, त्यांचं काय होतं ते कळवतो." फोनच्या दुसऱ्या टोकाला कुणी होतं की नाही, देव जाणे.

मग माझी परीक्षा सुरू झाली आणि गाडी प्रत्येक विषयात पास होत गेली. पेडलचं रबर बरोबर मधे झिजलेलं, कोपऱ्यात रेघा शाबूत. नंतर मेकॅनिकने ते रबर दोन बोटांनी ओढून काढून दाखवलं. सालीसारखं निघतं. दुसऱ्या कुठल्याही कमी चाललेल्या गाडीचं आणून बसवायला एक मिनिट पुरे. मडगार्डला मॅग्नेट घट्ट चिकटला, कारण पुट्टी नव्हतीच. मडगार्ड बोल्टवर बसवलेले असतात. ठोकर लागलेले काढून चांगले जुने लावले की मॅग्नेटला काय कळणार? बॉनेटवर तो चिकटलाच नाही. तेव्हा मीच त्याला समजावून सांगितलं की या गाडीचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं, त्यामुळे हे असंच व्हायचं. तो म्हणाला, "बघ, हे मलाही माहीत नव्हतं." हे वाक्य आठवलं की आजही कान गरम होतात.

एअरबॅगचा दिवा लागला, मी मनात आकडे मोजले, दिवा विझला. पास. स्कॅनरमध्ये एकही कोड नाही, मात्र गाडीच्या स्वतःच्या तपासण्यांपैकी बहुतेकांपुढे 'अपूर्ण' दिसत होतं. कोड नुकतेच पुसले की असं दिसतं. बॅटरी काढून लावली तरी दिसतं. "परवाच बॅटरी बदलली," तो म्हणाला, आणि नवी बॅटरी खरंच होती. तयारी पूर्ण होती त्याची.

आणि एक गोष्ट त्याने आपण होऊन सांगितली. म्हणाला, "क्लच दाबताना थोडा आवाज येतो, आधीच सांगतो, नंतर मला दोष देऊ नकोस." ज्या विक्रेत्याने स्वतःहून एक खोट दाखवली त्याच्याकडे दुसरी लपवलेली असेल, असं मनात येतच नाही. त्या क्लचच्या एका वाक्याने माझी उरलीसुरली शंका झोपवली. आवाज खरा होता. किरकोळ होता.

चक्कर मारायला रस्ता त्याने निवडला. सरळ, मोकळा. मागे बाहेरून बसवलेला जाड एक्झॉस्ट होता. "तुला आवाज ऐकायचाय ना?" त्याने काच खाली केली, मी पाय दाबला, आणि पुढची दहा मिनिटं इंजिनाचा दुसरा कुठलाही आवाज ऐकू येण्याची सोयच नव्हती. उतरलो तेव्हा मी हसत होतो. सही केली. कागदावर एक ओळ होती, 'गाडी पाहून, तपासून, आहे त्या स्थितीत घेतली आहे.' ती मी वाचली होती, हे विशेष.

पहिला आठवडा स्वर्ग. तसा रोज सकाळी एक टकटक आवाज यायचा आणि दोन मिनिटांत जायचा. मी स्वतःला समजावलं की बॉक्सर आहे, चालायचंच. मग प्रेमापोटी ऑइल बदलायला घेतलं. खालचा बोल्ट काढला तर ऑइल धारेने न पडता मधासारखं लोंबत उतरलं. कुणीतरी मुद्दाम जाड ऑइल भरलं होतं. झिजलेल्या बेअरिंगमधली पोकळी जाड ऑइलने भरते आणि ठोका दबतो, ही युक्ती जुनी आहे. मी मॅन्युअलमध्ये लिहिलेलं ५डब्ल्यू-३० हे पातळ ऑइल घातलं आणि दुसऱ्याच दिवशी, इंजिन पूर्ण तापल्यावर ॲक्सिलरेटर सोडला की आतून कुणी हातोडीने ठोकल्यासारखं ऐकू येऊ लागलं.

मेकॅनिकने जुना ऑइल फिल्टर कापला. आतला कागदी पंखा उलगडून उजेडात धरला. घड्याघड्यांत चंदेरी कण अडकलेले, बोटावर घेतले तर जरीसारखे चमकणारे. पिस्टनला जोडलेल्या दांड्याचं, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं, बेअरिंग झिजून ऑइलमध्ये मिसळलं होतं. इंजिन खाली उतरवावं लागलं, ते उतरवताना झाकण निघालं, आणि झाकणाच्या आत तो आकडा.

एवढं झाल्यावर मेकॅनिक म्हणाला, "आता बाकीचंही बघू." पुढचा बंपर काढला. कारखान्यात पत्रा जोडताना सारख्या अंतरावर गोल टिकल्यांसारखे वेल्ड असतात. रेडिएटरच्या चौकटीला तसे ते एकाच बाजूला होते. दुसऱ्या बाजूला ग्राइंडरने घासून सपाट केलेली लांब रेघ आणि वर काळा स्प्रे. समोरच्या दोन्ही सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेल्या लेबलांवरची तारीख गाडीपेक्षा पाच वर्षांनी अलीकडची, म्हणजे गाडी समोरून ठोकली गेल्यावर बदललेले. ही लेबलं पाहायला बेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, बस. मी फोनवर ही तपासणी सांगितली नव्हती, कारण मला ती सुचलीच नव्हती. म्हणून ती तेवढी खरी राहिली.

शेवटी बॅटरीची वायर काढून, थोडं थांबून, त्याने स्टिअरिंगचं मधलं झाकण उघडलं. आत काही नव्हतं. पोकळी. कनेक्टरच्या दोन टोकांमध्ये तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा रेझिस्टर खोचलेला. एअरबॅगचा कंट्रोलर त्या वायरींतला रोध मोजतो. तो दोन-अडीच ओहमच्या आसपास सापडला की कंट्रोलरला वाटतं बॅग जागेवर आहे, आणि दिवा मुकाट्याने विझतो. मी आकडे मोजत ज्या दिव्याला पास केलं होतं, तो हाच. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना तेच. इंजिनाच्या पैशांचं दुःख मला झालं, पण राग आला तो इथे. त्या आठवड्यात बायकोला शेजारी बसवून मी किती वेगाने गाडी पळवली होती, ते मला माहीत आहे.

विकणाऱ्याचा फोन दोन दिवस लागला, मग लागेना. तक्रार दिली आहे. पहिला प्रश्न आला, "तो किलोमीटरबद्दल जे बोलला त्याचं लेखी काही आहे का?" नाही. आमचं सगळं प्रेम फोनवर बोलण्यात गेलं होतं. जाहिरातीत मीटरचा फोटो होता, ती जाहिरात त्याने काढून टाकलेली. माझ्याकडे त्याचा स्क्रीनशॉट आहे, तोही मित्राला जळवायला घेतला होता म्हणून. तुम्ही गाडी बघायला जाणार असाल तर जाहिरात जशीच्या तशी जपून ठेवा, आणि अपघात, किलोमीटर, एअरबॅग यांबद्दल मेसेजवर विचारून उत्तर लेखी घ्या. चॅसी नंबरवरून अधिकृत सर्व्हिसचे जुने रेकॉर्ड मागवणं मला एका फोनचं काम होतं. मी तो फोन नंतर केला. सात वर्षांपूर्वीची नोंद होती, १,३१,००० किलोमीटर.

आणि बरोबर कुणाला तरी न्या, पण त्याला ती गाडी आवडत नसली पाहिजे. मी नेला होता तो मित्र माझ्याइतकाच वेडा. आम्ही दोघं मिळून गाडीभोवती फिरत होतो आणि एकमेकांना टाळ्या देत होतो.

गेल्या महिन्यात तोच मित्र त्याच्यासाठी एक सेडान बघायला गेला, मला घेऊन. गाडी सुंदर होती. मालक वयस्क, शांत, बोलायला सरळ वाटला. कागद नीट लावलेले, सर्व्हिसची पानं क्रमाने. मित्राचा चेहरा मी ओळखतो, त्याचं ठरलं होतं. मी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हटलं, "आम्ही उद्या सकाळी सात वाजता येतो, तोवर सुरू करू नका." मालक जरा दुखावले. म्हणाले, "आत्ताच पेट्रोल भरून आणली हो." असेलही. परत येताना मित्र पूर्ण रस्ताभर माझ्याशी बोलला नाही.