विमानात सीट मागे घ्यावी की सरळ ठेवावी?

ठाण्याहून रात्रीच्या गाडीने कोल्हापूर-लातूर गाठणाऱ्यांना मागे रेलणाऱ्या पुशबॅक सीटची सवय असते. दिवे मालवले की सगळी गाडीच मागे रेलते, त्यामुळे भांडायला फारसं कारण उरत नाही. तीच सवय विमानात नेली की मागच्याच्या गुडघ्यांना लागते. इकॉनॉमीत दोन रांगांमधलं अंतर, म्हणजे एका सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत, साधारण २८ ते ३१ इंच असतं. त्यात सीट मागे जाते २ ते ४ इंच. घेणाऱ्याची पाठ जराशी सैलावते, पण मागच्याच्या तोंडासमोरची जागा जाते.

डिसेंबर २०२५ पासून उलव्याच्या नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आहेत. तिथून दिल्लीला दोन-सव्वादोन तास लागतात. टेकऑफ आणि लँडिंगला सीट सरळच ठेवावी लागते, कारण वेळ आली तर माणसांना झटपट बाहेर पडता आलं पाहिजे. मध्ये खाणंपिणं होतं. उरलेल्या तासाभरासाठी मी सीट सरळच ठेवीन. मागचा लॅपटॉप उघडून बसला असेल तर धोका खराच आहे: स्क्रीनची वरची कड सीटच्या पाठीतल्या खाचेखाली जाते आणि सीट झटक्याने मागे आली की स्क्रीन तडकते. पाठदुखी असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही मागे वळून "काका, सीट जरा मागे घेऊ का?" एवढं विचारावं. बहुतेक जण चहाचा कप उचलून धरतात आणि घ्या म्हणतात.

मुंबईच्या सहार विमानतळावरून लंडनला रात्रीचे नऊ-दहा तास बसायचं असेल तर सीट बिनधास्त मागे घ्या. ते बटण तुमच्या तिकिटात आलेलं आहे, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. फक्त जेवणाचे ट्रे आले की सीट सरळ करा आणि ट्रे परत जाईपर्यंत तशीच राहू द्या.

पुढच्याने सीट मागे घेतली आणि तुम्हाला त्रास होतोय, तर आधी स्वतः बोला, मग क्रूला बोलवा. सीटला लाथा मारू नका. सीट अडवून धरायची क्लिपही मिळते, ती घेऊच नका. ऑगस्ट २०१४ मध्ये नेवार्कहून डेनव्हरला निघालेल्या अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सच्या विमानात अशाच क्लिपवरून वाद झाला, पुढच्या प्रवाशाने मागच्यावर पाणी फेकलं आणि विमान शिकागोला उतरवावं लागलं. दोघांचाही प्रवास तिथेच थांबला. आपल्याकडे विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या डीजीसीएच्या २०१७ च्या नियमांत नुसत्या शिवीगाळीलाही तीन महिन्यांपर्यंत प्रवासबंदी आहे, मारहाणीला सहा महिन्यांपर्यंत.

बुकिंग करतानाच यातलं बरंच टाळता येतं. पाय लांब असतील तर आपत्कालीन दरवाजाजवळची रांग घ्या, जास्तीचे पैसे वसूल होतात. मात्र गुडघेदुखीवाल्यांना आणि लहान मुलांना तिथे बसवत नाहीत, आणि तिच्या लगेच पुढची सीट अनेकदा मागे जातच नाही. अगदी शेवटची रांग रात्रीच्या प्रवासाला घेऊ नका: तुमची सीट भिंतीला टेकते, पुढच्याची मात्र मागे येते, आणि टॉयलेटची रांग रात्रभर शेजारी उभी असते.