गेटजवळ बसून खावं की पार्सल घेऊन विमानात चढावं?

बोर्डिंगला अर्धा-पाऊण तास असेल तर तिथेच बसून खा. बर्गर-फ्राइजची खरी मजा पहिल्या दहा मिनिटांत. पिशवीचं तोंड बंद केलं की आतली वाफ फ्राइजवर बसते, त्या लिबलिबीत होतात. बर्गरचा खालचा पाव सॉस पिऊन चिंब. मात्र घड्याळावर लक्ष ठेवा. तिकिटावरची वेळ विमान सुटण्याची असते, गेट साधारण २०-२५ मिनिटं आधीच बंद होतं.

वेळ कमी असेल तर पार्सल, पण मग बर्गर नको, रॅप घ्या आणि सॉस कमी घालायला सांगा. कागद वरून थोडा थोडा फाडत एका हाताने खाता येतो, मांडीवर सांडत नाही. सॉसची पुडी वर गेल्यावर फाडताना जपून: केबिनमधला दाब कमी असल्याने आतली हवा फुगते आणि पिचकारी थेट शर्टावर. पोटातला वायूही तसाच फुगतो, म्हणून सोडा दोन्हीकडे टाळलेला बरा.

पेय सुरक्षा तपासणीनंतरच घ्या. बऱ्याच विमानतळांवर १०० मिलिलीटरपेक्षा मोठी बाटली तिथेच टाकावी लागते.