सुइका की २०४८?
या दोन्ही व्हिडिओ गेमांत सारख्याला सारखं भिडवून त्याहून मोठं बनवायचं, पण तऱ्हा वेगळी. २०१४ साली आलेला २०४८ म्हणजे ४ बाय ४ च्या घरांतला शांत हिशेब. मोठा आकडा कोपऱ्यात दामटून ठेवला की निम्मं काम झालं. जपानी सुइकात घरंच नाहीत. फळं घरंगळतात, एकमेकांना ढकलतात. दोन चेरींची स्ट्रॉबेरी होते आणि तिच्या धक्क्याने शेजारचं सफरचंद नेमकं नको तिथे सरकतं. अशा चढत्या ११ फळांत कलिंगड शेवटचं. पण दोन अननसांच्या मध्ये एखादी चेरी अडकली की सगळं मुसळ केरात! २०४८ मध्ये हरलो तर चूक आपलीच. सुइकात खापर फळांवर फोडता येतं, म्हणूनच ‘आणखी एक डाव’ सुटत नाही. वेळेवर झोपायचं असेल तर २०४८ बरा.