लोहखनिजाचा ब्लॉक: कोअर ड्रिलिंग की आरसी?

मॅपिंग झालं, चर खणून झाले, आता सगळा पैसा ड्रिलिंगवर जाणार. डायमंड कोअर, म्हणजे हिऱ्याच्या बिटने कापून काढलेली खडकाची अखंड कांडी, घ्यायची की आरसी, म्हणजे रिव्हर्स सर्क्युलेशन, ज्यात खडकाचा चुरा हवेने वर येतो? ड्रिलिंग एजन्सीला विचारलंत तर तिच्या यार्डात जी रिग उभी आहे तीच उत्तम ठरते. निर्णय खरं म्हणजे खनिज घट्ट आहे की भुसभुशीत, यावर घ्यायचा.



गडचिरोलीतल्या सुरजागडसारखं घट्ट हेमॅटाइट (लोहाचं खनिज) आणि खाली बीएचक्यू, म्हणजे हेमॅटाइट आणि सिलिकाच्या पट्ट्यांचा कठीण खडक, असेल, तर कोअर घ्या. सिलिकाचे पट्टे डायमंड बिट भराभर खातात, वेग रडतखडत असतो, पण पट्ट्यांचा कल, घड्या, खनिज आणि बीएचक्यूची नेमकी सीमा हे सगळं कोअर बॉक्समध्ये डोळ्यांना दिसतं. शिवाय कोअरची रिग सुटी करून डोंगरावर चढवता येते. आरसीचा ट्रक आणि कॉम्प्रेसर न्यायचा तर रस्ता पाडावा लागतो, आणि वनजमिनीत रस्ता म्हणजे परवानगीचं वेगळं प्रकरण. कोअरला मात्र पाणी लागतं. एप्रिल-मे महिन्यांत टँकर वर चढवण्याचा खर्च आधीच धरा.

गोव्यात डिचोली, सांगे किंवा सिंधुदुर्गात रेडीकडे चित्र उलटं. वर जांभ्याचं कवच, त्याखाली पावडर, ब्ल्यू डस्ट (भरपूर लोह असलेली हेमॅटाइटची भुकटी), मध्येच चिकणमातीचे थर. इथे कोअरला पाणी सोडलं की पावडर वाहून जाते. रिकव्हरी, म्हणजे कापलेल्या लांबीपैकी हाती आलेली कोअर, ६० टक्के आली तर उरलेले ४० टक्के नेमके काय होते, हा प्रश्न जीवघेणा. ब्ल्यू डस्ट गेली असेल तर लोहाचं प्रमाण खोटं कमी दिसतं. चिकणमाती धुतली गेली असेल तर अ‍ॅल्युमिना (तिच्यातली नको असलेली अशुद्धी) कमी दिसतो आणि ग्रेड उगाच गोजिरवाणा वाटतो. बॉक्समध्ये उरलेल्या तुकड्यांवरून यातलं काहीच कळत नाही. ट्रिपल ट्यूब बॅरल (कोअर सांभाळणारी तिसरी नळी असलेलं) आणि छोटे रन, म्हणजे एका वेळी थोडीच लांबी कापून, घेऊन रिकव्हरी सुधारते, पण दिवसाचे मीटर निम्म्यावर येतात.

आरसीत नमुना हवेच्या दाबाने आतल्या नळीतून वर येतो, भोकाच्या भिंतीला घासत नाही. नमुनाही भरघोस: १४० मिलिमीटरच्या भोकातून, घनता ३ धरली, तर मीटरमागे सुमारे ४६ किलो. एचक्यू मापाच्या (सुमारे ६३ मिलिमीटर जाडीच्या) कोअरमधून साडेनऊ किलो, तीही अर्धी कापली की पाच किलोच्या आत. साध्या डीटीएचला, म्हणजे तळाशी हातोडा चालवून चुरा भोकाच्या भिंतीलगत वर काढणाऱ्या ड्रिलिंगला, आरसी म्हणून खपवणारे भेटतील, त्यात वरची माती खालच्या नमुन्यात मिसळते. सायक्लोन (हवेतून चुरा वेगळा करणारं भांडं) आणि दुपदरी रॉड स्वतः बघून घ्या.

आरसीचा खरा शत्रू भूजल. पातळीखाली गेल्यावर कॉम्प्रेसरला पाणी मागे ढकलता आलं नाही, तर पोतं चिखलाचं भरतं आणि बारीक कण सायक्लोनवरून उडून जातात. गोव्यात खनिज पाण्याच्या पातळीच्या बरंच खाली जातं, म्हणून बूस्टर (हवेचा दाब वाढवणारं यंत्र) आहे का हे विचारल्याशिवाय दर ठरवू नका.

मला विचाराल तर पावडरच्या ब्लॉकमध्ये बहुतेक मीटर आरसीचे ठेवावेत आणि साधारण दर पाचव्या भोकाशेजारी कोअरचं जोडभोक घ्यावं. दोन्हींचे लोह, सिलिका, अ‍ॅल्युमिना, फॉस्फरस जुळतात का ते पाहावं. नुसत्या आरसीवर साठा काढणाऱ्यांशी माझं पटत नाही, कारण आरसी घनता देत नाही. खरी घनता ३ असताना ३.५ धरली, तर टनेज जवळपास १७ टक्के फुगतं आणि ब्लॉकच्या लिलावातली बोली त्या फुगवट्यावर लागते. पावडरची घनता कोअरवरही नीट मोजता येत नाही. मोजमापाचा खड्डा खणून, निघालेलं खनिज वजनकाट्यावर घालून ती काढावी लागते. ओलावा वजा करायला विसरू नका.

कोअरच्या करारात नुसत्या मीटरवर पैसे देऊ नका. खनिजाच्या थरात ठरलेल्या टक्क्यांखाली रिकव्हरी आली तर भोक एजन्सीने स्वखर्चाने पुन्हा मारायचं, अशी अट घाला. दर थोडा चढेल, चढू द्या.