भावाच्या दारूसाठी ‘ग्रुप’ शोधताना मी कशी फसले

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या धाकट्या भावाची दारू सकाळी सात वाजता सुरू व्हायला लागली. कुपवाड एमआयडीसीतली नोकरी कशीबशी टिकून होती. भावजय मुलांना घेऊन माहेरी गेलेली. दारू सोडू पाहणारी माणसं एकत्र येतात, त्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे एए.च्या मीटिंगा असतात एवढं ऐकून माहीत होतं. एका रात्री मोबाइलवर ‘सांगलीत दारू सोडवणारा ग्रुप’ असं शोधलं आणि पहिला आलेला नंबर लावला.

पलीकडे एक बाई होत्या. बोलणं इतकं मायेचं की मी पाच मिनिटांत रडायला लागले. “हो ताई, आमचा एए.चाच ग्रुप आहे,” म्हणाल्या. भावाचं नाव, वय, कंपनी, किती पितो, कधीपासून, सगळं विचारून घेतलं. मीही सगळं सांगितलं. कित्येक महिन्यांत एवढं ऐकून घेणारं कुणी भेटलं नव्हतं.

नोंदणीचे ३,१०० रुपये म्हणाल्या. क्यूआर कोड एका माणसाच्या खासगी खात्याचा होता. पावती मागितली तर उत्तर आलं, “आपल्याकडे नावं गुप्त ठेवतात ना, म्हणून पावती नसते.” मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी मीटिंगचा पत्ता विचारला, तर “पेशंट आधी तयार करावा लागतो” म्हणून ८,५०० रुपयांच्या पुड्या पाठवल्या. चहात, आमटीत घालायच्या, त्याला कळू द्यायचं नाही.

इथे मी खरी अडकले. मला हेच हवं होतं. त्याच्याशी भांडायला नको, त्याला विचारायला नको, एक दिवस आपोआप सुटलेली असावी. या लोकांना घरच्यांची ही इच्छा बरोबर ठाऊक असते आणि ते तीच विकतात.

चौथ्या दिवशी आमटीतून पुडी पोटात गेली आणि संध्याकाळी तो प्यायला. तोंड लालबुंद, उलट्या, छाती धडधडत होती, उभं राहता येईना. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पुडी बघितली, तिच्यावर ना नाव ना घटक. लक्षणांवरून डायसल्फिराम असावं असा त्यांचा अंदाज. ते दारू सोडवण्यासाठीचं खरं औषध आहे, पण तपासण्या करून, रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनंच द्यायचं असतं. वर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. मी स्वतःच्या हातानं भावाला ते घातलं होतं. हे लिहितानाही हात थरथरतात.

दवाखान्यातून त्या बाईंना फोन केला, तर आवाजच बदललेला. “आता भरतीच करावी लागेल, १५,००० पाठवा, रात्री गाडी येईल, चार माणसं उचलून नेतील.” नको म्हटल्यावर, “तुमच्या भावाच्या कंपनीत कळवू का?” घाबरून तेही पाठवले. एकूण २६,६०० रुपये. गाडी आली नाही, आणि आली नाही हेच नशीब. दारूचं व्यसन मानसिक आरोग्य कायदा, २०१७ मध्ये येतं. भरती करून घेणाऱ्या केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. ती आहे का, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली ती अकरा दिवसांनी, लाजेपायी. तोवर पैसे पुढे गेले होते. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर खातं गोठवता येण्याची शक्यता असते, तेव्हा तुम्ही माझ्यासारखी वाट बघू नका.

खऱ्या मीटिंगचा पत्ता त्याच दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी दिला. नातेवाइकांना चालते अशी ‘ओपन मीटिंग’ होती. एका शाळेचा वर्ग, पंधरा-वीस माणसं. नाव विचारलं ते फक्त हाक मारण्यापुरतं. एकेकजण उठून आपली कहाणी सांगत होता. शेवटी एक डबा फिरला. मी पाचशेची नोट काढली, तर शेजारचे काका हळूच म्हणाले, “नको ताई, हे फक्त आमच्या सभासदांसाठी असतं.” एए.त फी नाही, बाहेरच्यांचे पैसे ते घेत नाहीत, औषध देत नाहीत. आणि एकच अट, दारू सोडायची इच्छा. ती त्याची स्वतःची हवी. त्याच्या वतीनं मी नाव घालू शकत नाही, हे तिथे पहिल्यांदा कळलं. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे ग्रुप असतात, तेही मला तेव्हाच समजलं.

पुड्या पाठवणाऱ्या त्या बाईंनी फोनवर “आजपासून एकदम बंद करा” असंही सांगितलं होतं. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक थांबवलं तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. आधी डॉक्टरांना दाखवा. कुठे जायचं कळत नसेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६. दोन्ही मोफत आहेत.

भावाला मी पुड्यांचं सगळं सांगितलं. तो दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही. मग एका गुरुवारी आपणहून म्हणाला, “ताई, ती शाळा कुठं आहे?” मध्ये एकदा घसरला, पुन्हा जायला लागला. आज पाच महिने झाले.

परवा मोबाइलवर पुन्हा तेच शब्द टाकून शोधलं. ग्रुपचं नाव बदललंय, नंबर तोच आहे.