गणपतीच्या देखाव्यात 58 एमएमचा थर्मल प्रिंटर: वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

दुकानात बिल फाडायला हा प्रिंटर कसा आहे ते वाचायचं असेल तर ते इथे नाही मिळणार, त्यावर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय. आम्ही बडोद्यात दांडिया बाजारच्या आमच्या मंडळात यंदा एआयवर इंटरॅक्टिव्ह देखावा केला, म्हणजे मशीन माणसाला काम सांगतं, काम मोजतं आणि पुढचं काय ते पण तेच ठरवतं, आणि या सगळ्यात मशीनचं तोंड म्हणून हा 58 एमएमचा यूएसबी थर्मल प्रिंटर (बिलाच्या कागदावर शाईऐवजी उष्णतेने छापणारा) बसवला. मत आधीच सांगतो, असलं काही करणार असाल तर मोठ्या स्क्रीनवर पैसे घालू नका, हा घ्या.

देखावा असा होता. टेबलावर ओल्या फडक्यात दूर्वांचा ढीग, दोऱ्याचं रीळ, एक ताट आणि समोर काळी पेटी, पेटीत रास्पबेरी पाय (हातात मावेल एवढा छोटा कॉम्प्युटर) आणि प्रिंटर. बटण दाबलं की चिठ्ठी येते, "21 दूर्वांची जुडी बांधा. वेळ 90 सेकंद." जुडी ताटात ठेवली की ताटाच्या कडेचा आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर वेळ पकडतो आणि दुसरी चिठ्ठी निघते, तुम्हाला किती सेकंद लागले, टार्गेटच्या पुढे की मागे, आणि पुढची जुडी किती सेकंदात पाहिजे. आतलं गणित अगदी छोटं आहे, शेवटच्या दहा जणांतले सगळ्यात फास्ट तिघं घ्यायचे, त्यांची सरासरी म्हणजे पुढच्या माणसाचं टार्गेट. मग काय, टार्गेट रोज खाली सरकत गेलं, पहिल्या संध्याकाळी 90 होतं ते विसर्जनाच्या आदल्या दिवशी 40 च्या खाली आलं. लोकांना पळवा असं कोणीच ठरवलं नव्हतं हां, तो नियमच तसा आहे, जो जोरात करतो त्याचा वेग सगळ्यांच्या डोक्यावर बसतो.

आता प्रिंटरच का. सुरुवातीला आम्ही हेच सगळं टॅबवर दाखवून बघितलं होतं. लोक बघायचे, हसायचे, फोटो काढायचे आणि पुढे. तेच वाक्य कागदावर आलं की माणूस वेगळाच वागतो. चिठ्ठी बाहेर येताना तो आवाज येतो, हात आपोआप पुढे जातो, मग ती दातऱ्या पट्टीवर फाडायची, चष्मा वर करून वाचायची. या प्रिंटरला ऑटो कटर नाही, हाताने फाडावं लागतं, दुकानदाराला हा कमीपणा वाटेल पण आमच्यासाठी तीच सगळ्यात भारी गोष्ट निघाली, कारण ऑर्डर तुम्ही स्वतःच्या हाताने फाडून घेता. आमच्या पोरांनी तोंडी "काका जरा पटपट" म्हटलं असतं तर काकांनी चांगलं सुनावलं असतं, चिठ्ठीवर तेच छापून आलं तर काका गुपचूप बाही मागे सारून परत बसले. हे मी एकदा नाही, रोज बघितलं.

पेटीवर दुसरं एक बटण ठेवलं होतं, नुसतं "का?" लिहिलेलं. ते दाबलं की छापून येतं, "निर्णय सिस्टीमने घेतला आहे. धन्यवाद." बहुतेक लोक दोनदा दाबून बघायचे, दोन्हीदा तेच आलं की दूर्वा उचलायला लागायचे. काही जण आमच्याकडे यायचे की बाबा हे असं का म्हणतंय, आम्ही पण तेच सांगायचो की आम्हाला नाही माहीत, सिस्टीमला विचारा. ते सांगताना मला खरंच कसंतरी व्हायचं, पण देखाव्याचा जीवच त्यात होता.

एक आजी आल्या होत्या, त्यांचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी तीन पात्यांच्याच दूर्वा निवडल्या, पिवळी पडलेली बाजूला काढली, सगळ्यांची देठं एका रेषेत आणली, दोन वेढे देऊन गाठ मारली. इतकी सुंदर जुडी मी कधी बघितली नाही. चिठ्ठी आली, "82 सेकंद. अपेक्षेपेक्षा हळू." त्यांच्या मागच्या मुलाने दहा-बारा दूर्वा मुठीत कोंबून दोरा गुंडाळला, त्याला "उत्तम". आजी म्हणाल्या, "अरे मोजून बघ की आधी, माझ्या एकवीसच्या एकवीस आहेत." आमचा कार्यकर्ता म्हणाला, "आजी, ते दूर्वा मोजत नाही." "मग काय मोजतं मेलं?" "वेळ." आजींनी त्या मुलाची जुडी सोडवली आणि त्याला शेजारी बसवून परत बांधायला लावली, मागे रांग लागली तरी उठू दिलं नाही. पण त्या मुलाचा आधीचा वेळ सिस्टीममध्ये गेलेला होता, त्याच्यामुळे पुढच्या सगळ्यांचं टार्गेट खाली आलं.

लोक विचारायचे यात एआय कुठंय, हे तर साधं गणित. बरोबर आहे. चिठ्ठीतलं वाक्य लँग्वेज मॉडेलकडून, म्हणजे मजकूर लिहिणाऱ्या एआयकडून लिहून घ्यायचं आमच्यात बोलणं झालं होतं, पण मंडपात नेटचा भरवसा नाही आणि लहान मुलांसमोर मॉडेल काय लिहील ते सांगता येत नाही, म्हणून वाक्यं आम्हीच लिहून ठेवली. माझं म्हणणं एवढंच की माणूस मशीनच्या ताब्यात जायला फार हुशार मशीन लागत नाही, निर्णय त्याच्यावर सोडायचा आणि विचारायला माणूस ठेवायचा नाही, एवढं पुरतं. मोठ्या मॉडेलचं पण मूळ तेच, मागचे आकडे घेऊन पुढचं ठरवायचं. अ‍ॅमेझॉनने नोकरीचे अर्ज चाळायला एक मॉडेल बनवलं होतं, 10 वर्षांच्या अर्जांवर शिकवलेलं, ते अर्ज बहुतेक पुरुषांचे, म्हणून ते बायकांच्या अर्जांना मागे टाकायला लागलं, शेवटी कंपनीने तो प्रयोग बंद केला, 2018 मध्ये रॉयटर्सने ही बातमी दिली होती. ही बातमी आणि आमचा अख्खा नियम, दोन्ही आम्ही बाहेर पडायच्या वाटेवर भिंतीला लावलं. शेजारी कॅलिफोर्नियाचा कायदा, 1 जानेवारी 2022 पासूनचा, की मोठ्या गोदामांमध्ये कामाचा कोटा कामगाराला लेखी कळवायला हवा आणि कोट्यापायी जेवणाची सुट्टी किंवा बाथरूमला जाणं बुडता कामा नये. आणि युरोपियन युनियनचा 2024 चा प्लॅटफॉर्म कामगारांसाठीचा, म्हणजे अ‍ॅपवरून काम घेणाऱ्यांसाठीचा नियम, कोणाचं अकाउंट बंद करायचं तर तो निर्णय माणसानेच घ्यायचा. डिलिव्हरी करणारी दोन मुलं हेल्मेट हातात धरून ते शेवटपर्यंत वाचत उभी होती.

आता टेक्निकल, आणि हे नीट वाचा कारण दुकानात कोणी सांगत नाही. या प्रिंटरमध्ये देवनागरी फॉन्ट नसतो, गुजराती तर नाहीच, आणि बडोद्यात दोन्ही लागतं. म्हणून मजकुराचं चित्र बनवून पाठवायचं. रुंदीला 384 ठिपके मिळतात, एका मिलिमीटरला 8, म्हणजे छपाई 48 मिलिमीटरची. पायथॉनच्या पिलो लायब्ररीने चित्र बनवत असाल तर सोबत राक्म (अक्षरं नीट जुळवून मांडणारी लायब्ररी) आहे ना ते तपासा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात, गणपतीच्या मंडपात "निर्णय" असा फुटका छापून आला तर लोक सोडणार नाहीत. फॉन्ट जाड घ्या, बारीक रेघा उडतात.

सिरीयल पोर्टवाला पॅनेल प्रिंटर स्वस्तात दिसला तरी यासाठी घेऊ नका. हिशेब करा, 12 सेंटीमीटरची चिठ्ठी म्हणजे ठिपक्यांच्या 960 ओळी, ओळीला 48 बाइट, झाले 46 हजार. त्या सिरीयलवाल्यांतले बरेच 9600 बॉडवर (डेटा पाठवायचा वेग) येतात, सेकंदाला साधारण 960 बाइट, म्हणजे एक चिठ्ठी यायला 48 सेकंद! तोवर माणूस सेव उसळ खायला निघून जातो. यूएसबीवाल्यात हा त्रासच नाही.

पॉवरचं सांभाळा. छापताना हेड गरम करायला चांगला करंट लागतो, काळा भाग जितका जास्त तितका जास्त, म्हणून लोगोबिगो ठोकून काळा ठेवू नका. रास्पबेरी पाय आणि प्रिंटर एकाच अ‍ॅडॅप्टरवर टाकलात तर छपाईच्या मधेच रास्पबेरी पाय रीस्टार्ट होईल, दोघांना वेगळा द्या. आम्हाला एका दुकानदाराने 3 अँपियरचा म्हणून जो अ‍ॅडॅप्टर दिला तो दीडलाच बसत होता, बदलून द्यायला पण किटकिट केली, तेव्हा घेतानाच लोड लावून बघा.

नाव 58 चं असलं तरी कागद 57 एमएमचा, 15 मीटरच्या रोलमध्ये 12 सेंटीमीटरच्या सव्वाशे चिठ्ठ्या निघतात, आरतीनंतरच्या गर्दीत रोल बघताबघता संपतो, म्हणून पेटीचं झाकण एका हाताने उघडेल असं करा. शाई नाही, कार्ट्रिज नाही, हे सुख आहे. छपाई मात्र उन्हात उडते आणि उष्णतेने कागद काळा पडतो, चिठ्ठी वर्षभर टिकवायची असेल तर फोटो काढून ठेवा. आणि रोल घेताना फिनॉल-फ्री मागा, साध्या थर्मल कागदात बऱ्याचदा बिस्फेनॉल नावाचं रसायन असतं आणि इथे लहान मुलं चिठ्ठी हातात घेऊन लगेच मोदक खातात, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

मला पाचात साडेचार द्यावेसे वाटतात, अर्धा कापला तो देवनागरीसाठी, इतकी वर्षं हे प्रिंटर आपल्या दुकानांत आहेत आणि अजून बहुतेकांत आपली अक्षरं नाहीत. कोणाला नवरात्रीत किंवा शाळेच्या प्रदर्शनात करायचं असेल तर कोड घेऊन जा, पैसे नकोत, फक्त "का?" चं बटण आणि बाहेरच्या भिंतीवरचा नियम, या दोन गोष्टी काढू नका.